देतो आणि देते

४ फेब्रुवारी

साहेब,

नमस्कार. तुमच्यासाठी मी आजवर जेवढं लिहिलं त्याची थप्पी लावली तर तुमच्या केबिनचं दार उघडणार नाही. पण तुम्हाला लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे जरा चाचपडते आहे. 'आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो' असं हातानं आपोआप लिहिलं. मग 'करतो' खोडून 'करते' केलं. मग ते वाक्यच काढून टाकलं. प्रकृतीचं मला वहिनींकडून कळतं. गुडघा अधूनमधून धरतो, समुद्राची हवा मानवली आहे आणि नातवंडं डोक्यावर बसली आहेत. छान आहे.

आता माझं सांगते. तुम्ही निवृत्त झालात त्या दिवसापासून माझ्या पदामागे 'प्रभारी' लागलंय. प्रभारी व्यवस्थापकीय संचालक. हे सगळं दारावरच्या पाटीत मावेना, म्हणून पाटीवाल्यानं 'संचालक' खालच्या ओळीत ढकललं आणि तिथंही ते कडेला चिकटलं. लिफ्टची कंपनी चालवायची जबाबदारी पूर्ण, सह्या पूर्ण, शिव्या पूर्ण, फक्त खुर्ची उसनी. त्या खुर्चीचा दांडाही तुम्ही गेल्यापासून अडकलाय. ती तुमच्या उंचीलाच राहिली आहे, माझे पाय जमिनीला पुरते टेकत नाहीत. दुरुस्तीचं सांगितलं, तर प्रशासन विभाग म्हणाला, कायमची नेमणूक होऊ द्या, मग बघू.

कायमचं नाव संचालक मंडळ मार्चच्या बैठकीत ठरवणार आहे. दोन नावं आहेत. एक माझं. दुसरं विक्रीप्रमुखांचं, म्हणजे आपल्या भोंग्याचं. हे टोपणनाव तुम्हीच ठेवलं होतं, तेव्हा दचकू नका.

आता मुद्द्यावर येते. मंडळानं तुमचं मत विचारलं होतं. तुम्ही काय सांगितलंत ते मला कंपनी सचिवांकडून कळलं. त्यांनी सांगायला नको होतं, पण त्यांच्या पोटात काही राहत नाही. "साहेब म्हणाले, बाई कामाला वाघ आहेत, पण त्यांना आवाज नाही."

आम्ही जिन्यात उभे होतो. लिफ्टच्या कंपनीतली लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होती, हे ओघानं आलंच. मी "हो का" म्हटलं आणि दोन मजले चढून गेले. वर पोचल्यावर लक्षात आलं, मला खाली जायचं होतं.

मी इंजिनिअर म्हणून आले, साहेब. मशिनरूममधलं ग्रीस नखांत घेऊन आले. अहवाल बरा लिहिते म्हणून तुम्ही तुमची पत्रं लिहायला दिलीत, मग भाषणं, मग जे निर्णय भाषणात सांगायचे तेही. कामकाजप्रमुख झाले तरी ते सुटलं नाही. लोकांनी तुमचा म्हणून जो आवाज ऐकला तो कुणाच्या हातचा होता, हे दोन माणसांना माहीत आहे. एक मी, दुसरे तुम्ही.

मागणं एवढंच आहे. मंडळाला एक पत्र लिहा. शिफारस नको, कौतुक नको, जे झालं तेवढं सांगा. अध्यक्ष तुमच्या शब्दाबाहेर नाहीत. तुमच्या दोन ओळी आल्या तर हा प्रश्न तिथंच मिटतो, आणि नाही आल्या तर तो कसा मिटेल हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

वहिनींना नमस्कार.

आपली,
प्रभारी

१३ फेब्रुवारी

साहेब,

उत्तर नाही. पत्र पोचल्याचं वहिनींनी सांगितलं, म्हणजे टपालखात्यावर ढकलायची सोय राहिली नाही.

तुम्ही ब्रेकचं प्रकरण विसरला असाल असं वाटत नाही. पण मोठ्या माणसांची स्मरणशक्ती फार सोयीची असते, म्हणून आठवण करून देते.

एका राहत्या इमारतीत आपली लिफ्ट मजल्यावर न थांबता अर्धा मजला खाली घसरली आणि आतल्या आजीबाई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मी स्वतः गेले. मशिनरूममध्ये ब्रेक उघडून बघितला, तर ज्याच्या पकडीवर लिफ्ट थांबते ते आतलं अस्तर काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. इतक्या लवकर ते झिजायला नको होतं. त्याच खेपेची अस्तरं जिथं जिथं बसवली होती त्यातल्या जवळच्या काही लिफ्ट बघून आले. सगळीकडे तेच. त्यात दवाखाने होते, शाळा होत्या.

तुम्ही तेव्हा परदेशात परिषदेला होतात. फोनवर म्हणालात, "मी येईपर्यंत काही करू नका." मागे कुणीतरी टाळ्या वाजवत होतं, त्यामुळे तुम्हाला पुन्हा सांगावं लागलं. "काही म्हणजे काहीही करू नका."

मी त्याच दुपारी ती अस्तरं असलेल्या सगळ्या लिफ्ट थांबवल्या. भोंगा माझ्या टेबलाशी येऊन ओरडला की बाई, तुम्ही कंपनी बुडवलीत. मी त्याच्या कपातला चहा टेबलावर सांडत होता तो पुसला. तुम्ही परत आलात, केबिनचं दार लावलंत आणि माझं टिपण मोठ्यानं वाचलंत. तुम्हाला मनातल्या मनात वाचता येत नाही हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. वाचून झाल्यावर कागदाची घडी करून खिशात घातलीत. मग म्हणालात, "भाषण लिहा."

लिहिलं. आता जरा भाषेचं बोलू, कारण सगळं तिथंच अडलं. आपल्या भाषेत 'मी थांबवलं', 'मी ठरवलं' म्हटलं की सांगणारा बाई आहे की पुरुष, ते क्रियापदाला कळत नाही. तुमची भाषणं लिहिताना म्हणून मला भूतकाळ आवडायचा. 'देईन', 'करीन' हेही चालतं. पण त्या दिवशी सभागृहात मंडळाच्या जोडीला इमारतींमधली माणसं बसली होती, त्या आजीबाईंचा मुलगा पहिल्या रांगेत होता. त्यांना 'देईन' म्हणणं म्हणजे उद्यावर ढकलणं. त्यांना आत्ताचं, समोरचं हवं होतं. म्हणून लिहिलं, 'एकही लिफ्ट मी स्वतः खात्री केल्याशिवाय सुरू होणार नाही, असा मी तुम्हाला शब्द देते.'

देते.

ती चूक होती, साहेब. लोक नंतर काहीही म्हणोत, मी मुद्दाम केलं नव्हतं. सकाळी घाईत लिहिलं, शब्द माझा होता, हातानं माझा म्हणून लिहिला. आणि तुम्ही, जे समोर असेल ते वाचणारे, तुम्ही ते तसंच वाचलंत. खणखणीत आवाजात. "असा मी तुम्हाला शब्द देते."

पहिल्या रांगेत लोक एकमेकांकडे बघायला लागले. मी मागच्या दाराशी उभी होते. तुम्ही कागदाकडे बघितलंत, लोकांकडे बघितलंत आणि हसून म्हणालात, "आमच्याकडे शब्द बायकाच देतात, आम्ही फक्त पाळतो!" लोक हसले. आजीबाईंचा मुलगासुद्धा हसला. हजरजबाबी आहात, ते मान्य. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तेच वाक्य होतं, मग मुलाखती, मग तो पुरस्कार, चूक कबूल करणारा दिलदार व्यवस्थापक म्हणून. पुरस्कार स्वीकारतानाचं भाषणही मीच लिहिलं. त्यात 'माझे सहकारी' असं होतं. त्या सहकाऱ्यांत मीही असेन असं धरून चालले.

सभेनंतर केबिनमध्ये तुम्ही तो कागद माझ्यासमोर टाकलात. "पुढच्या वेळी नीट तपासत जा. आज माझी शोभा झाली असती."

त्यानंतर मी प्रत्येक 'ते' चा 'तो' झालाय ना, हे दोनदा बघत आले. वार्षिक सभेतला तुमचा तो प्रसिद्ध विनोद आठवतो? लिफ्टच्या कंपनीतसुद्धा बायका वर का जात नाहीत, तर त्या आधी सगळ्यांना आत घेतात आणि मग वजन जास्त होतं म्हणून स्वतः बाहेर पडतात. केवढा हशा पिकला होता. तोही मीच लिहिला होता.

पत्राची वाट बघते आहे.

आपली,
प्रभारी

२४ फेब्रुवारी

साहेब,

तुम्ही गप्प, म्हणून मीच बोलते. नाहीतरी आपल्यात कामाची वाटणी कायम अशीच होती.

मंडळानं ठरवलंय की आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर आणि सगळ्या विभागप्रमुखांसमोर भाषण करायचं. पुढच्या कामाचा विचार मांडायचा. अध्यक्षांनी मला बाजूला बोलावून आवाजाच्या एका प्रशिक्षकाचं नाव दिलं. "चुकीचं समजू नका, तुमच्या भल्यासाठी सांगतोय." मी नवी होते तेव्हा याच अध्यक्षांनी भर बैठकीत मला "आवाज चढवू नका, बाई" म्हटलं होतं. तेव्हा जो खाली ठेवला तो आता वर आणायला मी पैसे मोजून शिकते आहे.

प्रशिक्षक माणूस चांगला आहे. पोटावर हात ठेवून गुणगुणायला लावतो. "आवाज जरा खालच्या पट्टीत आणा," म्हणाला. मी विचारलं, किती खाली? तो म्हणाला, "पुरुषासारखा नको. पण बाईसारखाही वाटायला नको." मी इंजिनिअर आहे, मला माप लागतं. हे माप काही त्याला सांगता आलं नाही.

भोंग्याला कुणी कुठं पाठवलेलं नाही. त्याला आवाज आहेच, फक्त त्याखाली मजकूर नाही. आणि आता ऐका. परवा तो माझ्या केबिनमध्ये आला, चार कागद टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "मंडळासमोरचं भाषण आहे. जरा हात फिरवा ना. तुमच्याइतकं छान कुणाला जमतं?"

मला आधी वाटलं, थट्टा करतोय. पण चेहरा अगदी निरागस होता. मी म्हटलं, "अहो, त्याच दिवशी माझंही भाषण आहे."

"हो, ते आहेच की. घाई नाही, घरी नेऊन बघा."

त्याच्या लेखी मी स्पर्धेत नव्हतेच, साहेब. मी सोय होते, वापरून झाली की जागच्या जागी ठेवायची. मी कागद परत दिले. तो खरंच दुखावला गेला. आजकाल कुणी कुणाला मदत करत नाही, असं काहीतरी पुटपुटत गेला.

मंडळातल्या एकांनी मुलाखतीत विचारलं, घरी सासूबाई असतात ना तुमच्या, वय झालंय, त्यांचं कोण बघतं? मी सांगितलं की सध्या त्याच माझं बघतात. ते हसले, त्यांना वाटलं मी विनोद केला. विनोद नव्हता. मी रोज सकाळी स्वयंपाकघरात फ्रिजकडे तोंड करून भाषणाचा सराव करते. सासूबाई टेबलाशी मटार सोलत बसतात. त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून माझा आवाज तिथपर्यंत पोचला तर तो कुठंही पोचेल असा माझा हिशेब.

चौथ्या का पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "कोण आलंय गं?"

"कुणी नाही, आई. मीच बोलतेय."

"मग तो कोण? मघापासून ठरवतो, सांगतो, देतो चाललंय ते?"

मी थांबले. मागचं आठवून बघितलं. सगळं भाषण मी पुरुष होऊन म्हणत होते. कागदावर 'देते' लिहिलेलं होतं आणि तोंडातून 'देतो' येत होतं. भाषण म्हटलं की माझं तोंड तुमचं होतं, इतकी वर्षं मुरलंय ते. आमच्या ह्यांनी ऐकलं तर ते हसत सुटले. सासूबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, कपाटातून स्टीलची वाटी आणि चमचा काढला आणि म्हणाल्या, "म्हण पहिल्यापासून." आता 'तो' आला की त्या टण्णकन चमचा वाजवतात. ऐकू कमी येतं, पण एवढं मात्र बरोबर ऐकू येतं. पहिल्या दिवशी घरात देवळासारखा घंटानाद चालू होता. आता बराच कमी झालाय.

मी घाबरलेली नाही. एवढंच, की बैठकीचा विचार आला की मी पहाटे उठून कपाटं आवरते आणि प्रशिक्षक म्हणतो, रात्री भरपूर झोपा.

तुमचं पत्र आलं तर हे सगळं सोपं होईल. मी असं पुन्हा म्हणणार नाही.

आपली,
प्रभारी

३ मार्च

साहेब,

तुमचं उत्तर मिळालं. वहिनींचं अक्षर, तुमची सही. 'तुमची तिन्ही पत्रं मिळाली. तुमचं म्हणणं रास्त आहे. मजकूर तयार करून पाठवा, मी सही करून मंडळाकडे पाठवतो.'

कंपनीच्या वाहनतळावर, गाडीत बसून वाचलं. आधी हसले. एकटीच, मोठ्यानं, काच वर होती म्हणून बरं. मग तिथंच रडले. मग आरशात बघून तोंड पुसलं आणि वर जाऊन लिहायला बसले, कारण मजकूर तयार करून पाठवा म्हटलं की माझे हात चालायला लागतात.

पहिली ओळ सरळ आली. 'मी माझ्या वतीनं खालील शिफारस करतो.' काय सफाई आहे! पुढे लिहिलं, 'त्या कष्टाळू आहेत. विश्वासू आहेत. सर्वांना सांभाळून घेणाऱ्या आहेत. कधीही तक्रार न करता…' इथं थांबले.

भोंग्याच्या बढतीच्या वेळी तुमच्या सहीनं मंडळाला जे पत्र गेलं होतं तेही माझंच. ते मला पाठ आहे. 'धडाडीचे, दूरदृष्टीचे, जोखीम घ्यायला न कचरणारे.' ज्या माणसानं ब्रेकच्या वेळी घाबरून चहा सांडला त्याच्यासाठी मी 'जोखीम घ्यायला न कचरणारे' लिहिलं होतं. आणि तुमच्या आवाजात स्वतःबद्दल लिहायला बसले तर घरकामाच्या बाईला चिठ्ठी द्यावी तसं लिहून गेले. हे मला कुणी शिकवलं? तुम्ही कधी सांगितलं नव्हतं असं लिहा म्हणून. मला सांगावं लागलं नाही.

खोडून 'धडाडीच्या' केलं, तर फुशारकी वाटली. मग फक्त घडलेलं लिहिलं. ब्रेक, त्या दुपारचा निर्णय, भाषणं. सगळं खरं. आणि वाचून बघितलं तर त्यात मी कुठंच नव्हते, पानभर तुमचं औदार्य होतं. किती मोठ्या मनाचा माणूस, श्रेय कसं वाटून देतो, असंच कुणीही म्हणेल. मी तुमच्या तोंडून खरं बोलले तरी ते तुमचंच होतं.

मी ते पाठवत नाही.

आमचे हे म्हणाले, "अगं, पाठवून दे. काम झाल्याशी मतलब." कंपनी सचिवांना आडून विचारलं, साहेबांचं पत्र आलं तर किती फरक पडेल? ते म्हणाले, "फरक काय, प्रश्नच उरणार नाही." म्हणजे मी काय नाकारते आहे ते मला नीट कळतंय. खुर्ची हवी आहे मला, साहेब. खोटं कशाला बोलू? त्या अडकलेल्या दांड्यासकट हवी आहे. तेव्हा त्या एकाच खेपेची अस्तरं बदलली, बाकीच्या जुन्या लिफ्टचं जे काम अर्धवट राहिलं ते पुरं करायला हवी आहे, आणि नुसती मिळावी म्हणूनही हवी आहे.

पण हे पत्र तुम्ही लिहायचं. तुमच्या हातानं, तुमच्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट, दोन ओळी का होईनात. बैठक दहा तारखेला आहे.

तुमची,
प्रभारी

१२ मार्च

साहेब,

तुमचं पत्र आलं नाही. परवा बैठक झाली.

भोंगा आधी बोलला. ते भाषण कुणीतरी लिहून दिलेलं होतं, आणि माझ्याइतकं चांगलं नव्हतं. वाढ, भरारी, नवी क्षितिजं. टाळ्या पडल्या. त्याच्या आराखड्यात जुन्या लिफ्टच्या ब्रेकची अस्तरं बदलायचं काम पुढच्या वर्षावर टाकलेलं होतं, बारीक अक्षरात.

मग मी उठले. सुरुवात बरी झाली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातोय हे तिथं बसलेल्या विभागप्रमुखांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं. मी त्यांना ब्रेकचं सांगितलं. अजून किती इमारतींत जुनी अस्तरं आहेत, ती बदलायचं काम का थांबू शकत नाही, विक्रीचा एक मोठा खर्च मागे ठेवून हे कसं करता येईल, ते सांगितलं. आणि म्हणाले, "हे काम याच वर्षी पुरं होईल, असा मी मंडळाला शब्द देतो."

माझ्या कानात टण्णकन चमचा वाजला.

एकजण फिसकन हसला. अध्यक्ष म्हणाले, "बघा, खुर्चीचा गुण बसायच्या आधीच लागला!" मग सगळे हसले. वाईट हसत नव्हते, मोकळेपणानं हसत होते आणि माझ्याकडे बघत वाट पाहत होते. आता बाई काहीतरी गमतीचं बोलतील आणि पुढे जातील. माझ्याकडे विनोद तयार होता, साहेब. तुमचे सगळे विनोद माझ्याकडेच आहेत. 'शब्द बायकाच देतात' हा तर जिभेच्या टोकावर होता आणि मला माहीत होतं की तो म्हटला तर मी ही सभा जिंकते.

मी म्हटला नाही. हसणं थांबेपर्यंत उभी राहिले. मग म्हणाले, "ही चूक का झाली ते सांगते. हे वाक्य मी याआधी एकदा लिहिलंय. ब्रेकच्या वेळी साहेबांनी जे भाषण वाचलं ते माझं होतं. त्यांनी 'शब्द देते' वाचलं तेव्हा तुम्ही हसला होतात. तो शब्द माझा होता, म्हणून तसा होता. त्या दुपारी लिफ्ट मी थांबवल्या होत्या. त्यानंतर आजपर्यंत या कंपनीत मी जे जे ठरवलं ते 'करतो' म्हणून लिहिलं, आज त्याची सवय आडवी आली. मला आवाज नाही असं तुम्हाला सांगण्यात आलंय. तुम्ही तो इतकी वर्षं ऐकताय. आता वाक्य पुन्हा म्हणते. हे काम याच वर्षी पुरं होईल, असा मी मंडळाला शब्द देते."

कुणी हसलं नाही. टाळ्याही वाजल्या नाहीत. मी खाली बसले आणि भाषणाचे कागद जुळवून पिशवीत ठेवले.

एका मतानं हरले.

अध्यक्ष नंतर जवळ येऊन म्हणाले, "छान बोललात. फक्त ते लिहिण्याबिहिण्याचं टाळलं असतंत तर बरं झालं असतं. साहेबांच्या माघारी शोभत नाही ते. आणि तुम्ही आहातच की आता त्यांच्या पाठीशी." 'त्यांच्या' म्हणजे भोंग्याच्या. कंपनी सचिव जिन्यात भेटले. "एक पत्र असतं साहेबांचं," म्हणाले, आणि पुढचं बोलले नाहीत. त्यांच्या पोटात राहिलेली ही पहिलीच गोष्ट असेल. मग त्यांनी विचारलं की इतिवृत्तात शब्द 'देतो' लिहू की 'देते'? मी म्हटलं, दोन्ही लिहा, झालं तसं. त्यांनी लिहिलं. ब्रेकच्या कामाला मंडळानं मंजुरी दिली, याच वर्षासाठी, माझ्या देखरेखीखाली. भोंग्याला आवडो न आवडो, तो शब्द आता त्यालाही पाळावा लागेल.

मला वाईट वाटलं, साहेब. फार वाईट वाटलं. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी दोनदा "काय?" म्हणून विचारलं, मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा माझ्यानं सांगवेना. त्यांनी मला जवळ ओढून घेतलं. मला वाटतं, त्यांना पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं.

काल भोंगा आला. पाटी बदलायचं काम चालू होतं, त्यामुळे दारातच उभा राहून बोलला. "सोमवारी कर्मचाऱ्यांसमोर पहिलं भाषण आहे. नेहमीसारखं दोन पानी द्या."

"नाही," मी म्हटलं.

"का, वेळ नाही?"

"वेळ आहे. लिहिणार नाही."

तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू खुर्चीनंच त्याला बसू द्यायला नकार दिला. मी इथं राहणार आहे की नाही, ते अजून ठरवलं नाही. ब्रेकचं काम पुरं होईपर्यंत तरी आहे.

हे पत्र मी लिहिणार नव्हते. आज सकाळी वहिनींचा फोन आला म्हणून लिहिते आहे. त्यांनी सांगितलं की माझं मागचं पत्र आल्यावर तुम्ही रोज सकाळी टेबलाशी बसत होतात. 'मी मंडळाला कळवू इच्छितो की' एवढं लिहायचात आणि वहिनींना विचारायचात, पुढं काय? वहिनी म्हणाल्या, "मला काय ठाऊक? तुमचं तुम्ही लिहा." मग तुम्ही कागद चुरगाळायचात. बैठकीची तारीख उलटून गेली त्या सकाळीसुद्धा बसला होतात. हे ऐकून माझा राग गेला असं नाही. पण तुम्ही लिहायचं टाळलं नव्हतंत, तुम्हाला येत नव्हतं, हे कळलं. ते येत नसण्यात माझाही हात आहे, आणि मी तो हात आता काढून घेतलाय.

आणखी एक त्यांनी सांगितलं. माझी पत्रं तुम्ही व्हरांड्यात बसून मोठ्यानं वाचता. पुन्हा पुन्हा. नातवंडं विचारतात, आजोबा, तुम्ही बाईसारखे का बोलताय? मला हे आधी सुचलंच नव्हतं. म्हणजे गेला महिनाभर तुम्ही तुमच्या त्या खणखणीत आवाजात 'मी लिहिते', 'मी रडले', 'मी थांबले' म्हणत आहात. इतकी वर्षं मी तुमची होऊन लिहिलं, आता तुम्ही माझे होऊन वाचताय. वहिनींना मी काहीतरी कारण सांगून फोन ठेवला.

म्हणून तुमच्यासाठी एक शेवटचं वाक्य लिहिते आहे. यापुढे माझे शब्द मी कुणाच्याही तोंडी घालणार नाही, जे माझं असेल ते माझ्याच तोंडानं बोलेन, असा मी शब्द देते.

हेही मोठ्यानं वाचा, साहेब. शेवटच्या शब्दाशी अडखळाल. दुरुस्त करू नका.